बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यात आता कुठला धंदा धरावा?

वडगावचा पोरगा

मंडळी, सल्ला पाहिजे. पुण्याला भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, घर बेळगावात वडगावला. बाबांचे माग होते, ते करोनानंतर भंगारात गेले. जागा रिकामी आहे, थ्री फेज आहे, आईबाबा थकलेत, त्यामुळे परत यायचं हे पक्कं. साठवलेले बारा-तेरा लाख आहेत, बँक देईल ते वेगळं. सासरे म्हणतात काजू कर. मामा म्हणतो कापडाचं दुकान टाक. दोस्त म्हणतो सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, घे, काम मी देतो. (हा दोस्त स्वतः दुबईला असतो.) आणि व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी दहा धंद्यांची यादी पाठवतं, त्यात मशरूम आणि पेपर कप ठरलेले.

मला प्रत्यक्ष गल्ल्यावर बसणाऱ्यांचं ऐकायचंय. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक वाढतंय की आटतंय, आणि दिलेल्या मालाचे पैसे कधी हातात पडतात, एवढं सांगा. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो इथं नको.

गणपत गल्ली

आमच्या पाहुण्यांत एक मशरूमवाला आहे. आता तो मशरूम कसं करायचं याचे क्लास घेतो. त्यात बरं चाललंय म्हणे.

फेटलिंगवाला

सीएनसीचा विचार असेल तर हे आधी वाच. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, आणतो, टर्निंग-ड्रिलिंग करून परत देतो.

काम नाही असं अजिबात नाही. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह, कुठलं तरी काम चालू असतंच. बेळगावचं हायड्रॉलिकमधलं नाव जुनं आहे आणि तो माल इंजिनावर अवलंबून नाही, म्हणून व्हॉल्व्ह बॉडीचं काम मिळालं तर डोळे झाकून घे. इंजिनाचे भाग करणाऱ्यांना मात्र इलेक्ट्रिक गाड्यांची धास्ती आहे. दुचाकीवाल्यांना ती आधी जाणवेल, ट्रॅक्टरला अजून वेळ आहे.

दुखणं दराचं आणि पैशाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याची झळ थेट निर्यात करणाऱ्या फाउंड्रीला आधी, पण शेपटाला आम्ही बसलोय. तिथं शेड्यूल कमी झालं की महिन्याभरात माझं एक मशीन रिकामं. मोठा माणूस गिऱ्हाईक बदलतो, देश बदलतो. माझ्यासारख्याचं गिऱ्हाईकच दोन फाउंड्र्या, मी काय बदलणार?

पाठोपाठ २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. सगळीकडे स्वस्ताईचा गाजावाजा, आमच्या मशीनिंगच्या जॉबवर्कवरचा कर मात्र १२ चा १८ टक्के झाला. तो पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्याला, क्रेडिटमध्ये (स्वतःच्या करातून वजा करून) परत मिळतो, तिचं काही जात नाही. पण मी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरतो आणि पार्टी नव्वद दिवसांनी देते. म्हणजे सरकारचा कर माझ्या कॅश क्रेडिटमधून, बँकेला व्याज देऊन.

आणि रिजेक्शन. हे बाहेरच्याला कळत नाही म्हणून सांगतो. कास्टिंग चकमध्ये बांधलं, रफ झालं, बोअर झाला, शेवटचा फिनिश कट मारला आणि तिथंच ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेला हवेचा खड्डा, उघडा पडला. टाचणीच्या डोक्याएवढा. आतापर्यंतची मशीनची वेळ, टिप, वीज, ऑपरेटर सगळं गेलं. आता हा तुकडा सीआर की एमआर, म्हणजे कास्टिंगचा दोष की मशीनिंगचा, यावर भांडण. फाउंड्रीचा माणूस म्हणतो तुम्ही धातू जास्त कापलात म्हणून आतलं दिसलं. महिनाअखेरीला डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, येते आणि ती बिलातून आधीच वळती झालेली असते.

तुझ्या बजेटात नवं चांगलं टर्निंग सेंटर बसत नाही. जुनं बसेल, पण मग ते तुला आठवड्यातून एकदा मेंटेनन्सवाल्याच्या पाया पडायला लावेल.

खासबाग जकार्ड

वडगावचा आहेस म्हणजे आमचाच. बाबांचे माग कुठल्या गल्लीत होते रे? ओळख निघेल बघ.

मागावर परत येऊ नकोस, एवढंच सांगतो. वीज काही अडचण नाही, १० एचपीपर्यंतच्या मागांना राज्य सरकारची मोफत विजेची सवलत आहे. सुताचंही जरा सुटलं. पूर्वी पॉलिस्टर सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५, क्रेडिट अडकून पडायचं. आता दोन्ही ५ वर आलंय. मग रडतोस कशाला म्हणशील. अरे, साडी घेणार कोण? सुरतेहून साडी येते ती आमच्या मजुरीच्या भावात येते. त्यावर आमच्यासारखीच डिझाइन छापलेली. दुकानात बाईला हात लावून फरक कळतो, मोबाइलवर काय कळणार?

आमच्यातले निम्मे मजुरीवरच आहेत. शेठ बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, देणार, सूत देणार, साडी मोजून घेणार, मजुरी शनिवारी. लग्नसराईत बरं. आषाढात शेठ म्हणतो माल पडून आहे, माग जरा हळू चालवा. माग काय हळू चालतो? चालतो नाहीतर बंद पडतो.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हापासून इथं पेठ आणि विणकर एकत्र. आता शहापुरात साडी विकणारे आहेत, विणणारे शोधावे लागतात. माझा मुलगा कुरियर कंपनीत लागला, सुरतेची पार्सलं वाटतो. मी काही बोललो नाही.

हां, एक सांगतो. आमच्यातल्या दोघांनी चांगलं सुती सूत वापरून टोपपदराच्या इरकली घाटाच्या साड्या काढल्या आणि पुण्या-मुंबईच्या बायकांना थेट व्हॉट्सॲपवर विकल्या. साडीमागं आमच्या दुप्पट सुटलं. मग कुणीतरी सांगितलं की महाराष्ट्रात माल पाठवायला जीएसटी नंबर लागतो, आणि ते घाबरून थांबले. खरं आहे का हे?

आकडेमोड

खरं आहे. सीए म्हणून या पट्ट्यात मला सगळ्यात जास्त वेळा हेच समजावून सांगावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्नाटकात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण ही सूट राज्याच्या आत विकणाऱ्याला. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणजे खासबागच्या विणकरानं बिदरला साडी पाठवली तर काही नको, आणि चंदगडला पाठवली तर नंबर पाहिजे. बिदर किती लांब आणि चंदगड किती जवळ, कायद्याला फरक पडत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून सूट आहे, पण ती यादी वाचूनच ठरवा. यंत्रमागाची साडी म्हणजे हातमाग नव्हे.

दुसरी गोष्ट कंपोझिशनची, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायच्या सोप्या योजनेची. दीड कोटीपर्यंतचे दुकानदार आणि उत्पादक १ टक्का भरून मोकळे होतात, छान योजना आहे. पण कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही. हुबळीच्या दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. निपाणीच्या दुकानदाराचं निम्मं गिऱ्हाईक कागल-मुरगूडचं असतं, त्याची मात्र पंचाईत.

यात एक बारीक गोष्ट आहे. चंदगडचं गिऱ्हाईक स्वतः दुकानात आलं, माल घेऊन गेलं, तर? गिऱ्हाईक बिननोंदणीचं असेल आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर विक्री दुकानाच्या जागी, म्हणजे कर्नाटकातच धरली जाते. पत्ता लिहिला की तो पत्ता धरला जातो. हे ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात स्पष्ट आहे. तुमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाईकाचा पत्ता आपोआप छापत असेल तर काय छापतंय ते एकदा बघा. त्याच महिन्यापासून बिननोंदणीच्या छोट्या विक्रेत्यांना ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर विकायला मुभा मिळाली, पण तीही राज्याच्या आतच.

त्या दोन विणकरांना सांगा, नंबर घ्या. घाबरण्यासारखं काही नाही, महिन्याचा हिशोब ठेवावा लागतो इतकंच. साडीमागं दुप्पट सुटत असेल तर माझी फी त्यात आरामात निघते.

गणपत गल्ली

सीएसाहेब, २०२५ च्या जुलैत यूपीआयवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या त्याचं काय ते पण सांगा की. आमच्याकडचा भाजीवाला अजून क्यूआर कोड फडक्याखाली झाकून ठेवतो, ओळखीचा आला की काढतो.

आकडेमोड

त्या नोटिसा मुख्यतः बेंगळुरूकडच्या होत्या. यूपीआयवर जमा झालेली रक्कम म्हणजे उलाढाल असं धरून काढल्या होत्या. ज्यांचा मालच करमुक्त, म्हणजे भाजी, दूध, त्यांच्याकडून जुनी वसुली करणार नाही असं सरकारनं त्याच महिन्यात जाहीर केलं. नुसती भाजी विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही, उलाढाल कितीही असो. फडकं काढायला सांगा.

गणपत गल्ली

आता कापडाच्या दुकानाबद्दल. तुझ्या मामाला नमस्कार सांग आणि म्हण, तुम्हीच टाका.

बेळगावची बाजारपेठ कुणाच्या जिवावर? खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रविवार पेठ, या गल्ल्यांतल्या दुकानदाराला विचार. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, सावंतवाडी, दोडामार्ग, पार गोव्याहून लोक येतात. लग्नाचा बस्ता बांधायला एका जीपमधून बारा माणसं यायची, त्यात नवरीच्या आत्यापासून गावच्या पाटलापर्यंत सगळे. आम्ही गाद्या टाकून बसवायचो, चहा, मग जेवायला कुठंतरी, संध्याकाळी भांडी, मग शहापूरला सराफाकडं. एका बस्त्यात सहा दुकानं जगायची.

अजून येतात, नाही असं नाही. पण गडहिंग्लजला, चंदगडला आता स्वतःची मोठी शोरूम झालीत. बारा माणसांच्या जागी चार येतात, तीही मोबाइलवर डिझाइन दाखवून "हेच आहे का" विचारतात. आणि मधेच काहीतरी होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधल्या भाषेच्या वादातून कंडक्टरला मारहाण झाल्याच्या त्या प्रकरणानंतर दोन्ही राज्यांच्या एसट्या काही दिवस बंद होत्या, ते आठवतं ना? तेव्हा ऐन लग्नसराई. माझ्या दुकानात चार पोरं कापडाच्या घड्या उघडून परत घालत बसलेली. भाडं थांबत नाही, पगार थांबत नाही. गिऱ्हाईकानं ठरवून पाठ फिरवली तर समजू शकतो, पण ज्याला यायचंय त्याला गाडीच नाही, याला तुम्ही मार्केट रिसर्चमध्ये कुठं बसवणार?

शिवाय पाट्या. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड, त्याप्रमाणे सगळ्यांनी नव्या केल्या. तो खर्च वेगळा, आणि त्यावरून जे

चालक

गणपत गल्ली, धागा चालवणारा म्हणून तुमचा पुढचा भाग मी काढला आहे. पाट्यांचा विषय दुसऱ्या धाग्यावर. धंद्याचं बोला.

गणपत गल्ली

बरं. धंद्याचंच बोलत होतो.

निपाणीकर काकू

वडगावच्या पोरा, तुला काकू म्हणून सांगते. मी चटणी करते. कांदा-लसूण चटणी, गरम मसाला, थोड्या शेवया. आमच्या निपाणीत पूर्वी बायकांना काम म्हणजे तंबाखूची वखार नाहीतर विडी. माझ्या सासूनं आयुष्यभर विड्या वळल्या. आता तरुण बायका विडीला बसत नाहीत, आणि बरंच आहे. त्यांच्यातल्याच सहाजणी माझ्याकडं आहेत.

चटणीला गिऱ्हाईक वाढतंय, हे छातीठोक सांगते. घरात डंकावर नेऊन वर्षाची चटणी करून आणायला सुनांना वेळ नाही, पण चव मात्र सासूच्या हातची पाहिजे. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं पाच-पाच किलो घेऊन जातात.

खरा खेळ मिरचीच्या खरेदीत आहे. फेब्रुवारी ते एप्रिल मिरची घ्यायची, वर्षभर चटणी विकायची. म्हणजे तीन महिन्यांत सगळा पैसा मिरचीत अडकतो. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. व्यापारी कोल्ड स्टोअरेजची गेल्या वर्षीची मिरची नव्यात मिसळून देतो. ती ओळखायची कशी? मूठभर घेऊन दाबायची. नवी असली तर वाकते आणि जरा चिकट लागते, जुनी कडकन मोडते आणि बी खुळखुळतं. देठसुद्धा बघायचा, जुन्याचा देठ काळपट होतो. माझ्या बायका देठ काढतात तेव्हा त्यांच्या बोटांना कळतं, मला सांगावं लागत नाही.

माझं घर कोल्हापूरला जवळ, बेळगावला लांब. गिऱ्हाईक कोल्हापूर, कागल, इचलकरंजी. त्यामुळे सीएसाहेब सांगतात तो जीएसटी नंबर मी घेतलाय. अन्नसुरक्षेची नोंदणी मी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रियेची योजना आहे, पीएमएफएमई म्हणतात, त्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान कर्जाला जोडून मिळतं. बेळगाव जिल्ह्याला त्यात "एक जिल्हा एक उत्पादन" म्हणून गूळ दिलाय. बँकेतल्या साहेबांनी मला विचारलं, चटणी कशाला, गूळ का नाही करत? म्हटलं, साहेब, गूळ करायला ऊस लागतो आणि ऊस आमचा नाही.

पैशाचं म्हणशील तर दुकानदार महिन्यानं देतात, घरगुती गिऱ्हाईक रोख. मी मॉलवाल्यांना देत नाही. एकदा बोलणं झालं होतं, ते म्हणाले खपला नाही तर माल परत, आणि पैसे साठ दिवसांनी. मी म्हटलं, मग तुम्हीच मिरची दळा.

हुक्केरी गूळ

काकू, गुळाबद्दल बोललात ते बरोबर. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी ऊसदरासाठी धरणं धरून बसले, सरकारनं उसाला टनाला ३३०० रुपये ठरवले. शेतकऱ्याला मिळालेच पाहिजेत. पण गुऱ्हाळवाल्याला आता त्या दराशी बरोबरी करायची आणि तीही रोखीनं, नाहीतर ऊस कारखान्याला जातो. पांढरा-पिवळा दिसावा म्हणून रसायन घालणाऱ्याचा गूळ अजून जास्त दरानं जातो आणि काळपट साध्या गुळाला बाजारात नाक मुरडतात. पुण्याच्या सेंद्रिय दुकानात मात्र तोच काळपट गूळ तिप्पट दरानं. तिथपर्यंत पोचणारा मधला माणूस वेगळाच असतो. आमचं काय, हाय तसं चाललंय.

शिनोळी काजू

सासऱ्यांच्या काजूबद्दल. माझं युनिट शिनोळीत, म्हणजे हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात. घर बेळगावात. सकाळी स्कूटरनं राज्य ओलांडतो, दुपारी जेवायला परत. कामगार बायका निम्म्या इकडच्या, निम्म्या तिकडच्या.

काजूत काम शिकता येतं, भांडवल शिकता येत नाही. काजू बी मार्च ते मे मिळते. त्या दोन-तीन महिन्यांत वर्षाची बी उचलायची. चंदगड-खानापूरची बी संपली की आफ्रिकेची, ती डॉलरच्या भावावर. शंभर किलो बीतून वीस-पंचवीस किलो गर निघतो. पण नफा किती किलो निघाला यात नाही, अख्खा किती निघाला यात आहे. कापताना किंवा सोलताना गर फुटला की तो पाकळीत गेला, अजून फुटला की तुकड्यात, आणि दर प्रत्येक पायरीला खाली. नवीन बाई कटिंगला बसवली की पहिले पंधरा दिवस तुकडाच जास्त. बी नीट उकडली नाही किंवा भट्टीत जास्त वाळली तरी तेच. एकाच बीमधून दोन युनिटवाल्यांना वेगवेगळा नफा होतो तो इथं.

शेतकऱ्याकडून बी घेतली तर जीएसटी तुम्हीच भरायचा, उलटा कर म्हणतात तो. नंतर क्रेडिट मिळतं, पण खरेदीच्या हंगामात आधीच तंगी असते त्यात हे.

बारा लाखांत काजू करायचा असेल तर दुसऱ्याची बी घेऊन मजुरीवर फोडून दे, एक वर्ष. मग ठरव.

परदेशी पाहुणा

मूळचा खानापूरचा, आता पुण्यात. खानापूरची कौलं आणि मडकी काय म्हणतात? आमच्या लहानपणी भट्ट्या पेटलेल्या असायच्या. केंद्राची ग्रामीण कुंभारकामाची संस्था पण खानापुरातच आहे ना?

फेटलिंगवाला

संस्था आहे. कौलांना पत्र्यानं खाल्लं. फार्म हाउसवाले आणि रिसॉर्टवाले जुनी कौलं शोधत फिरतात, त्यामुळे जुन्या कौलाला मागणी आहे, नव्याला नाही. गंमतच आहे.

अथणी

माझं चपलांचं आहे. कोल्हापुरी. इथं कोल्हापूरवाल्यांनी तोंड वाकडं करू नये, २०१९ च्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जसे आहेत तसे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे चारही आहेत. अथणी, निपाणीकडं पिढ्यान्पिढ्या हे काम चालतं. नाव कोल्हापूरचं, हात दोन्हीकडचे.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या महागड्या ब्रँडनं आपली चप्पल रॅम्पवर आणली, कोल्हापुरीचं नाव न घेता. मग गदारोळ झाला, आणि डिसेंबरात त्यांनी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी, लिडकॉम आणि लिडकर, करार केला. दोन हजार जोड, जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास. त्या बातमीनंतर माझ्याकडं येणाऱ्या फोनची संख्या वाढली, हे खरं. त्यातल्या निम्म्यांना दोनशे रुपयांत "प्राडावाली" पाहिजे होती, हेही खरं. जीएसटी पण सुधारला, अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला आता ५ टक्के.

पण कारागिराची मजुरी आठशे युरोच्या बातमीनं वाढत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं महाग झालंय, पावसाळ्यात वाळत नाही, आणि बाजारात रेक्झिनच्या मशीनच्या चपलेला पण कोल्हापुरीच म्हणतात. कारागिराचा मुलगा बसत नाही.

ऑनलाइन विकायचा प्रयत्न खूप जण करतात. अडतं कुठं, तर मापात. हाताची चप्पल, एका कारागिराची सात नंबर दुसऱ्याच्या साडेसात. गिऱ्हाईक परत पाठवतं. जाण्या-येण्याचं कुरियर तुमच्या खिशातून, आणि परत आलेल्या जोडाची वादी ताणलेली. ज्यानं कारागिरांना एका मापाचे फर्मे, म्हणजे पायाच्या आकाराचे साचे, दिले आणि प्रत्येक जोड मोजून पाठवला, त्याचे परतावे कमी झाले. पोरा, तू क्वालिटीला आहेस म्हणालास ना? आमच्याकडं मोजणारा माणूसच नाही.

फेटलिंगवाला

अथणीअण्णांनी माझ्या तोंडचं काढलं. मी दोन दिवस हेच लिहीन म्हणत होतो.

पोरा, तू मशीन घेऊन आमच्यातलाच एक कशाला होतोस? उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं माझ्याएवढी छोटी शॉप किती आहेत बघ. प्रत्येकाला नवीन पार्ट मिळाला की पार्टी पीपीएपीची फाइल, म्हणजे पार्ट ठरल्याप्रमाणे होतो याच्या पुराव्याचे कागद, मागते. कंट्रोल प्लॅन, एफएमईए (कुठं काय चुकू शकतं त्याचा तक्ता), लेआउट इन्स्पेक्शन, गेजची, म्हणजे मापाच्या हत्यारांची, स्टडी. आम्हाला पार्ट करता येतो, फाइल करता येत नाही. कुणीतरी पुण्याहून येतो, गाडीखर्च घेतो, मागच्या पार्टीचं नाव न बदलता तीच फाइल देतो. ऑडिटर पहिल्या पानावर पकडतो. फाउंड्री क्लस्टरमध्ये धातूच्या, वाळूच्या तपासणीची सोय आहे, पण शॉपमध्ये येऊन, माझ्या ऑपरेटरला माप कसं घ्यायचं ते शिकवून, गेज वेळेवर कॅलिब्रेशनला पाठवून, सीआर-एमआरच्या भांडणात कागदावर पुरावा ठेवणारा माणूस इथं मिळत नाही. मी एकटा महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला तयार आहे. माझ्यासारखे दहा असतील.

वेळेवर देणार का म्हणशील. माझे पैसेच उशिरा येतात, त्यामुळे मी देव नाही. पण ज्याच्या फाइलवाचून माझं बिल पास होत नाही, त्याला मी थांबवणार नाही, हा साधा हिशोब.

गणपत गल्ली

आणि डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधात सगळं सरकार येतं, तेव्हा लॉजवाल्यांची चांदी. त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

निपाणीकर काकू

गणपत गल्ली, दहा-बारा दिवसांचं लॉज आणि उरलेलं वर्ष काय, माश्या मारायच्या?

आकडेमोड

फेटलिंगवाल्यांच्या सूचनेला माझ्या बाजूनं जोड. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा २० लाख आहे, आणि सेवेच्या बाबतीत परराज्यात दिली तरी तीच मर्यादा लागू. म्हणजे तू शिनोळी, कागल, गोकुळ शिरगावच्या शॉपना सेवा दिलीस तरी २० लाखांपर्यंत नंबर लागत नाही. मालवाल्याला जी सूट नाही ती तुला आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी कर. सेवा देणाऱ्या सूक्ष्म उद्योगालाही आयकरातला वेळेवर पैसे देण्याचा नियम लागू होतो, १९६१ च्या कायद्यात त्याला ४३-बी(एच) म्हणायचे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यात पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. मार्चमध्ये सगळ्यांचे फोन येतात ते याच्यामुळे. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, हेही लक्षात ठेव.

आणि सगळ्या मशीन शॉपवाल्यांना जाता जाता: कोल्हापूरहून जॉबवर्कला कास्टिंग बेळगावात आलं किंवा उलट गेलं, तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, रकमेवर अवलंबून नाही. पन्नास हजारांच्या आतला माल असला तरी लागतं. हद्दीवर कोगनोळीला टेम्पो अडकल्यावर मला फोन करून उपयोग नाही.

वडगावचा पोरगा

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं, बाबा खासबाग जकार्डचं वाचून बराच वेळ हसत होते, तुम्हाला ओळखतात म्हणे.

माझं डोकं आता इकडं वळलंय: मशीन नाही, दुकान नाही. उंची मोजायचा गेज, बोअर गेज, सरफेस टेबल, प्रोफाइल प्रोजेक्टर जुना बघतो. वडगावच्या जागेत मोजणीची खोली, आणि आठवड्यातले ठरलेले दिवस उद्यमबाग-मच्छेत शॉपवर जाऊन काम. काम मिळालं तर अथणीला पण येईन, फर्म्याची मापं कागदावर आणू. नोकरी अजून सोडत नाही. पुढच्या दोन शनिवार-रविवारी येतो, फेटलिंगवाले काका, तुमच्या शॉपपासून सुरुवात करू का? फुकट नको, पहिल्या पार्टच्या फाइलचे जे द्याल ते द्या.

फेटलिंगवाला

ये. शनिवारी ये, रविवारी ऑपरेटर नसतात. एक व्हॉल्व्ह बॉडी आहे, तीन महिने फाइल अडकलीय. ड्रॉइंग आधी पाठवतो.

खासबाग जकार्ड

ते थ्री फेज कनेक्शन मागाच्या सवलतीचं आहे का बघ रे. बाबांच्या नावावर असेल आणि तू तिथं एसी लावून मोजणीची खोली केलीस, तर ते वापर बदलणं झालं. हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, आधी अर्ज करून वर्ग बदलून घे. आमच्या गल्लीत एकानं माग काढून पिठाची गिरणी टाकली, अर्ज केला नाही, आता फरकाची वसुली भरतोय.

वडगावचा पोरगा

बाबांच्याच नावावर आहे. सोमवारची रजा टाकतो, बाबांना घेऊनच ऑफिसला जातो. कागद काय काय लागतात, कुणी केलंय का अलीकडं?

खासबाग जकार्ड

शेवटचं बिल, घरपट्टीची पावती, बाबांचं आधार. उरलेलं ते खिडकीतच सांगतील, आणि एकदा परत पाठवतील. सकाळी लवकर जा.